सव्वीस विती

सोमवारी संग्रहालय बंद असतं.
त्या दिवशी मी मगरीचे दात घासतो.
मऊ ब्रश, स्पिरिट, कापसाचे बोळे.
वरच्या जबड्यात तेवीस शिल्लक,
त्यातले दोन प्लॅस्टरचे. कुठले ते सांगणार नाही.

लेबलवर लिहिलंय: नर. सतरा फूट दोन इंच. सन १९३८.
लेबल काही म्हणो, आपल्या भाषेत मगर ती ती.
बावीस वर्षं मी तिला 'काय गं' म्हणतो
आणि शेपटीच्या मणक्यांमधली धूळ काढतो.
रस्त्याखाली मेट्रो खोदत होते तेव्हा
तिचा खालचा जबडा दिवसभर थरथरायचा,
तार नवी घालावी लागली.

मागच्या महिन्यात द्रौपदी चोगले आल्या.
रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर, तिथून थेट.
तिकीट खिडकीवर विचारत होत्या,
"आमच्या खाडीतली ती कुठे ठेवलीय?"
वॉर्डातला पेशंट विचारावा तसं.

पेटीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.
मग पिशवी खाली ठेवून
काचेवर वीत लावत निघाल्या, थुंकी न गिळता.
काचेला हात लावू नये अशी पाटी आहे.
मी पाटीकडे बघितलं. बोललो नाही.

सव्वीस. सव्वीसलाही थोडं कमीच.
"एवढीच?"

"आमच्याकडे ती ह्या काठावर हनुवटी टेकून
त्या काठावर शेपूट आपटायची.
भरतीचं पाणी तिला विचारून गावात यायचं.
एवढीशीनं नेली आमच्या आत्याला?
मी जन्मायच्या आधीची गोष्ट, पण
सगळ्यांना तोंडपाठ."

मला काय बोलावं कळेना.
मग जे करायचं नसतं ते केलं,
खालचा कप्पा उघडला.
नोंद क्रमांक चारशे सहा, पोटातून निघालेलं:
गारगोट्या चौदा,
जाळ्याचं शिसं,
कासवाच्या पाठीचा तुकडा,
काकणं तीन. आणि एक अर्धं.
हिरवी असणार. आत राहून दुधाळलेली,
समुद्रानं घासलेल्या काचेसारखी.

त्यांनी उचललं काहीच नाही.
एका अख्ख्या काकणाशेजारी आपलं मनगट नेलं,
मग तीन बोटं जुळवून त्यावर धरली.
तीन बोटंही जेमतेम मावली असती.

"लहान होती हो," म्हणाल्या.
"गोष्टीत तिला मोठी बाई करून ठेवलीय सगळ्यांनी.
घागर घेऊन गेली, पदर खोचून गेली.
पदर कुठला हिला."

मी कप्पा लावला. कुलूप लागेना, दोनदा लावलं.
त्या वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेल्या,
आणि फासळ्यांमधून मला त्यांची जांभळी साडी दिसत राहिली,
पट्टी पट्टी.
तेवढ्यात परळच्या कुठल्याशा शाळेची सहल आत घुसली,
पहिलाच पोरगा ओरडला, "बाप रे! केवढी!"

आज सोमवार.
दात झाले. मणके झाले.
काचेवर, साधारण कमरेच्या उंचीला,
अंगठा आणि करंगळी, अंगठा आणि करंगळी,
ओळीनं शेपटीपर्यंत.
काच उद्या बघू.