मापाचा पेला

वडिलांची एकच वस्तू माझ्याकडे आली:
डमरूसारखा पितळी पेला,
एका तोंडाला मोठं माप, दुसऱ्याला निम्मं.
मी त्यात शेंगाचटणीचं तिखट मोजते.

राजेशम मादगुंडी.
आधी मिलच्या दवाखान्यात कंपाउंडर.
कापसाच्या खोकल्याला लाल औषध,
हिवतापाला कडू पांढरं,
बाटलीला डोसाची कातरलेली कागदी पट्टी.
तो थेंब मोजणारा हात बघूनच
साहेबांनी त्यांना क्लबात नेलं,
संध्याकाळी सहा ते शेवटचा माणूस उठेपर्यंत.

तिथं त्यांना कळलं, काम तेच आहे.
“टॉनिक म्हणजे आपलंच कडू पांढरं.
गिळवेना, म्हणून जिन.
गिमलेट जहाजावरचं. खलाशांच्या हिरड्या सडायच्या,
नुसतं लिंबू प्या म्हटलं तर कोण पितंय?
आणि गुलाबी जिनमधला तो अर्क
कुणा डॉक्टरनं पोटासाठी काढलेला म्हणे.
सगळे दुखणाईक, पोरी.
फक्त बूट चकचकीत.”

कॉकटेल शब्द कुठला, यावर मात्र एकमत नाही.
एक साहेब म्हणे शेपूट छाटलेल्या घोड्यावरून,
दुसरा म्हणे अंड्याच्या पेल्यावरून,
भांडण रात्री अकरापर्यंत.
वडील बर्फ फोडत मनातल्या मनात तेलुगूत म्हणायचे
कोडी तोक, कोडी तोक,
कोंबड्याची शेपटी, आणखी काय.
ज्याचा त्याचा कोंबडा, ज्याचं त्याचं तांबडं.

बर्फ स्टेशनपलीकडून सायकलवर यायचा.
भुसा, पोतं, वर ओली चादर,
आपल्याच मिलची, डागी म्हणून स्वस्तात मिळालेली.
सोलापूरच्या मे महिन्यात
बारा शेर निघायचा, सात रस्त्यापर्यंत नऊ उरायचा.
मागं डांबरावर पाण्याची रेघ,
रेघेवर एक कुत्रं, ठरलेलं.

चव मनगटावर.
एक थेंब, जिभेचं टोक, मग चूळ.
सकाळी मार्कंडेयाच्या देवळात जायचं असायचं.
आई त्यांचा सदरा दोनदा धुवायची,
दुसऱ्यांदा रिठ्यानं.
तीस वर्षं तिनं विचारलं नाही,
तुम्ही तिथं नेमकं काय बनवता.

मग भोंगा थांबला.
क्लबाच्या वेताच्या खुर्च्या लिलावात गेल्या,
सहा-सहाच्या लॉटनं.
वडील पेला खिशात घालून घरी आले.
कुणी दिला की उचलला, ते बोलले नाहीत.
आईनं विड्यांचं सूप बाजूला सारलं.
म्हणाली, “बघू तरी.”

त्यांनी पंच करायला घेतला.
“पंच म्हणजे आपले पाच.
शब्द इथनंच गेला म्हणतात, गोदीतनं, जहाजातनं,
साहेब होऊन परत आला.”
लिंबू. गूळ. माठातलं पाणी. जायफळ.
पाचवं घरात नव्हतं,
त्याचं नावही उंबऱ्याच्या आत घ्यायचं नव्हतं.
स्टीलच्या पेल्याखाली घडी घातलेलं फडकं,
डावा हात पाठीमागं, मान किंचित खाली:
तसेच वाकले आईपुढं, जसे तिकडं वाकायचे.

आईनं घोट घेतला.
बराच वेळ भिंतीकडं बघत राहिली.
“मीठ कमी आहे.”

वडील हसले नाहीत.
पेल्याचं छोटं तोंड वर केलं,
दिव्याजवळ नेलं,
आणि कंपाउंडरच्या डोळ्यांनी
त्यात मिठाचे खडे टाकत गेले,
एक, दोन, थांबून, तिसरा.

नातू पुण्यात बारमध्ये असतो.
परवा त्याचा फोन, “आजी, खापरपणजोबांपासूनचं काही आहे का आपल्याकडं?
जुनं चालतं आता.”
म्हटलं, एवढं जुनं नाही रे, माझ्या बापाचं आहे. घे लिहून.
ऐकून घेतलं त्यानं.
“पण यात दारू कुठाय?”

पेल्याची कड एका जागी चेपलीय.
तिखट ओतताना तिथून थोडं सांडतंच.
तेवढं मी मोजत नाही.