रुमालाखाली

पूर ओसरून नववा दिवस.
गावभागातल्या माझ्या बायंडिंगच्या खोलीत
दोरीला चिमट्यांनी टांगलीत वाचनालयाची पानं,
पाककृती, पंचांगं, अर्धा शब्दकोश.
एका जाड इंग्रजी ग्रंथाच्या पोटातून
घडी घातलेलं एक चित्र निघालं.

तांब्याच्या पत्र्यावर खोदून छापलेलं.
साल सतराशे आणि काहीतरी,
शेवटचे दोन आकडे पाण्यानं नेलेत.
मधोमध एक माणूस उभं.
डावीकडून पलटणीचा कोट, तलवार, एक बूट,
उजवीकडून घेरदार झगा, कानात डूल, हातात पंखा.
आणि भोवती ही गर्दी:
केसांचे टोप घातलेले सावकार,
भिंगासकट वाकलेला डॉक्टर,
एक पाद्री, डोळ्यांवर हात, बोटांत फट,
एक जण तर सरळ जमिनीवर आडवा
झग्याची कड उचलायला.
कोपऱ्यात कारकून पैजा टिपतोय,
बाईवर किती, बाप्यावर किती.

चित्र काढणारा बेरका.
उभ्या माणसाला त्यानं सरळ नाक दिलंय, शांत पापण्या.
बघणाऱ्यांना मात्र
कुणाला डुकराचं नाकाड, कुणाला घोरपडीची मान.

मला कृष्णा हारगे आठवला.
आठवली, असंही कुणी म्हणेल.

मार्केट यार्डातला मापाडी.
अंगात खमीस, कमरेला काष्ट्याचं लुगडं, डोक्याला मुंडासं,
तळव्यांची हळद कधी न गेलेली.
नावावरून ओळखावं तर कृष्णा.
आता कृष्णा म्हणजे देव, का नदी?
बोलण्यात पकडू म्हणून लोक कान लावून बसायचे.
"आलो गा." "जेवलो की." "जातो बघ."
पण आमच्या ह्या काठाला
पाच लेकरांची आईसुद्धा "आलो"च म्हणते,
तेव्हा क्रियापदाचा काही उपयोग झाला नाही.

मग चहाच्या गाड्यावर पैज लागली.
बाबगोंडा अडत्यानं खतावणी घातली,
एक पान बाईचं, एक पान बाप्याचं.
तातोबानं अर्धं पोतं राजापुरी लावली,
शाळेच्या मास्तरांनी सायकल.
निकाल कुणी द्यायचा ह्यावरच
दोन बैठका झाल्या, एक मारामारी.

कृष्णाच्या कानावर गेलं तेव्हा सौदा चालू होता.
पाहिला नसेल तर ऐका:
हळदीचा सौदा तोंडानं होत नाही.
रुमालाखाली हातात हात,
कुठलं बोट किती दाबलं, तो भाव.
वर सगळे चेहरे आरतीला उभे असल्यासारखे.

कृष्णानं काटा सोडला.
मुंडासं उलगडून बाबगोंडाच्या हातावर टाकलं
आणि खालून आपला हात घातला.
"लाव बोली."

यार्ड गप.
कापड दोनदा हललं.
तिसऱ्यांदा बाबगोंडानं हात असा ओढला
की तवाच लागला असावा.
काय दाबलं, किती दाबलं,
मरेपर्यंत त्यानं सांगितलं नाही.
खतावणीची ती दोन पानं
गाड्यावर भज्यांखाली गेली.
आणि काट्यापाशी पुन्हा तोच खणखणीत आवाज,
"लाभ... दोन... तीन..."

तर हे चित्र.
पाणी शिरलं ते घडीतून,
गाळ बसला तो नेमका मधल्या माणसाच्या कमरेखाली.
काळा, बारीक, बोटाला लोण्यासारखा.
आडवा पडलेला गृहस्थ
कोपरापर्यंत त्यात हात घालून बसलाय.

काल ग्रंथपाल येऊन गेले.
"खालचं तेवढं साफ होईल का?"
चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला,
आणि वाकले.

त्यांच्यादेखत मी मऊ ब्रशनं
डुकराचं नाकाड स्वच्छ केलं,
भिंग केलं, कारकुनाची वही केली.
"आणि हे?"
"त्ये नदीचं हाय," म्हटलं.

अजून सत्तर पानं ओली आहेत.
दिवे गेलेत.
दाराला कडी घालून
जातो आता.