तिवराचा धूर

वाशीला, सेक्टर सतराच्या काचेच्या दुकानात
हसुरामकाकाला बरोबर नेलं, ही माझी चूक.
चूक म्हणतो अजून, सवयीनं.

रविवारी व्याही येणार होते कोथरूडहून.
लेकीनं आधीच बजावलेलं : बाबा, ते सिंगल माल्ट घेतात,
शेजारी कोकची बाटली मांडू नका.
मग आठवडाभर रात्री मोबाईलवर शिकलो.
पाणी थेंबाथेंबानं, डोळ्यांत औषध घालतात तसं.
वाइन आडवी निजते,
व्हिस्की उभी राहते, राखणीला ठेवल्यासारखी.
शिकलो की घोट गिळण्याआधी थोडं थांबायचं असतं.
आमच्यात कुणी थांबलं नव्हतं कधी.

काउंटरवर ऑस्टिन तुस्कानो, वसईचा पोरगा.
"बजेट किती?" नाही विचारलं त्यानं.
"कुणासाठी?" विचारलं.
तेवढ्यावरून कळलं, याला धंदा येतो.

त्यानं छोट्या कुप्या काढल्या, अत्तरवाल्यासारख्या.
पहिली : मध, म्हणाला, आणि भाजलेलं सफरचंद.
मध मला सापडला.
सफरचंद भाजून कोण खातं?
दुसरी : शेरीच्या पिंपात बारा वर्षं,
मनुका, लवंग, जुनं लाकूड.
मला ग्रामपंचायतीचं कपाट उघडल्यागत झालं,
ज्यात आमच्या मिठागराचा सातबारा होता.
बरी वाटली. बरी म्हणजे आपली वाटली.

काका मागे, हात पाठीशी बांधून,
बोंबलाच्या वाट्यांकडे बघावं तसा फळीकडे बघत.

तिसरी कुपी नाकाशी नेली आणि मी मागे सरलो.
जळकं, खारट, दवाखान्यासारखं काहीतरी.
ऑस्टिन हसला. बेटावरची आहे, सगळ्यांना नाही झेपत.
तिकडे दलदलीतली माती कापून वाळवतात,
तिच्या धुरावर जव सुकवतात.
काका पुढे आला. कुपी घेतली. डोळे मिटले.
मागचं गिऱ्हाईक खाकरलं, तरी उघडले नाहीत.
"कोनी कारली रं यी?"

ऑस्टिननं कंपनीचं नाव सांगितलं.
"कंपनी नाय. कोनी? बाई का बापय?"

चांगुणाआत्या काढायची, घणसोलीच्या खाडीत, तिवरांच्या आड.
काळा गूळ, बाभळीची साल, मडकी चिखलात पुरलेली.
काका तेव्हा नऊ वर्षांचा, ओली लाकडं वाहणारा.
लाकूड तिवराचंच, दुसरं होतं कुठे?
भरती आली की पोलीस येत नसत, म्हणून भट्टी भरतीला.
पहिला पेला ती खाडीत ओतायची.
देवाला म्हणून नव्हे.
पहिल्यात डोळे जातात, म्हणायची,
खाडीला डोळे नसतात.
मग पळीत थोडी घेऊन काडी लावायची,
ज्योत निळी आली तरच गिऱ्हाइकाला.
नाही आली तर महिन्याचा गूळ गेला, तरी चिखलात.
कारण पिणारा सकाळी
तिच्याच दारावरून मिठागराला जाणार असायचा.

हे सगळं काकानं तिथं सांगितलं नाही.
तिथं तो एवढंच म्हणाला, "मना यीच."
आणि बंडीच्या आतल्या खिशातून
रबर लावलेल्या नोटा काढल्या.
मी दुसरी घेतली, व्याह्यांसाठी. खोक्यात, रिबिनीसकट.

रविवारी सगळं रीतसर झालं.
व्याही म्हणाले, छान निवडलीत.
मी म्हणालो, शेरीचं पिंप आहे ना.
लेक स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघून हसली.

मग काका आतून आला,
हातात त्याची बाटली आणि स्टीलचा पेला.
सील फोडलं, पेला भरला,
गॅलरीत गेला, आणि नऊ हजारांतला पहिला पेला
जाळीतून खाली ओतला,
बिल्डरनं खाडी दिसेल म्हणून सांगितलेल्या बाजूला.

व्याही माझ्याकडे बघत राहिले.
पद्धत आहे, मी म्हणालो.
माझ्या तोंडून ते निघालं याचं मलाच नवल.
त्यांनी आपला ग्लास रिकामा केला, पुढे धरला,
वास घेतला, आणि पुन्हा घेतला.
कोणी काढली, विचारलं त्यांनी, अगदी हळू,

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई ओरडल्या,
या वेळी कुंड्यांना पाणी कोण घालतंय?