एक वीत

आमच्या शाळेत चार हाऊस, चार नद्यांची नावं:
वैनगंगा, वर्धा, पेंच
आणि आम्ही, कन्हान.
कन्हान म्हणजे शेवटून पहिले.
सहा वर्षं ढाल दुसऱ्यांच्या भिंतीवर,
आमच्या भिंतीवर तिच्यासाठी ठोकलेला खिळा.
त्यावर दुरुगकर सर छत्री अडकवायचे.

चौतीस खाटा, चौतीस पत्र्याच्या पेट्या.
पहाटे पाचला गोमाजी रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारायचा,
पण त्याआधीच अजनीच्या यार्डात डब्यावर डबा आदळून
आम्ही अर्धे जागे.
डिसेंबरात बादलीतलं पाणी चावायचं.
संत्र्याचं साल डोळ्यांत पिळणारा एकजण असायचाच,
वरणात डाळ शोधणारे सगळेच.

मला धावता येत नव्हतं.
लांब उडीत मी वाळूच्या अलीकडेच पडायचो.
सरांनी माझ्या हाती फक्कीचा डबा दिला,
"तू रेघा मार."

मी रेघा मारल्या.
सुतळी, खुंट्या, गुडघ्यांवर रांगत वळणं.
संध्याकाळी बोटांच्या पेरांत चुना तडकायचा,
पोळीच्या घासालाही त्याचीच चव.
मैदानावर माझ्याइतकं कुणी रांगलं नसेल.

मासू पुंगाटी आठवीत आला, एटापल्लीच्याही पलीकडून.
पहिले दोन महिने तो फक्त 'हो' म्हणायचा,
नाही म्हणायचं असलं तरी.
शाळेचे बूट त्याला मापाचे होते,
पण घातले की पाय मुके व्हायचे,
म्हणून पेटीत ठेवायचा, कागदात गुंडाळून.
तो धावायला लागला की पेंचची पोरंसुद्धा
शेंगदाणे सोलायची थांबत.

त्या वर्षी शेवटची शर्यत चारशेची.
ढालीत आणि आमच्यात पाच गुण,
आणि वर्धा हाऊसचा झाडीपट्टीतला तो लांब पायांचा देवाजी ठाकरे.

आदल्या रात्री कंदील घेऊन मी सुरुवातीच्या रेघा मारत होतो.
वळणामुळे प्रत्येकाची रेघ वेगळ्या जागी.
हे गणित मला आणि सरांना ठाऊक,
आणि सर झोपले होते.
कन्हानची रेघ मी पुढे सरकवली.
एक वीत.
अंगठा ते करंगळी, माझ्या तेव्हाच्या हाताची.
मग जुनी रेघ पायाने पुसली, वर धूळ टाकली,
आणि कंदील विझवून कितीतरी वेळ तिथेच बसलो.

सकाळी मासू आला, अनवाणी.
रेघेपाशी वाकला.
मागची माती तळव्याने चाचपली,
भाकरीचा गरमपणा बघावा तशी.
मग एक पाऊल मागे घेऊन
उभा राहिला रेघेच्या मागे.
एक वीत.

शिट्टी वाजली.
पुढचं मी नीट पाहिलं नाही. लोक सांगतात
शेवटच्या वळणावर दोघं एकाच सावलीत धावत होते,
आणि देवाजीची छाती आधी लागली दोरीला.
"इतक्यानं गेलं रे," कुणीतरी दोन्ही हात पसरून दाखवलं.
मी माझे हात खिशात घातले.

ढाल वर्ध्याकडे गेली.
त्या रात्री जेवणात गुलाबजाम होते, प्रत्येकी दीड.
दिवे गेल्यावर शेजारच्या खाटेवरून आवाज आला,
"झोपला का बे?"
एवढं वऱ्हाडी तो आमच्याकडूनच शिकला होता.
मी झोपलो असल्यासारखा पडून.
"मागं फक्की सांडली होती थोडी,"
तो म्हणाला. "मी पुसली पायानं."
मग यार्डात डबे आदळले
आणि तो घोरायला लागला.

आता मी भूमापन खात्यात आहे.
बेसा, बेलतरोडीकडे प्लॉट मोजतो.
दोन सख्खे भाऊ कुंपणाच्या दोन बाजूंनी ओरडत असतात,
"साहेब, टेप ताणून धरा, एक वीत इकडंतिकडं होते."
होते, मी म्हणतो.
आणि टेप ठेवण्याआधी
खुंटीच्या मागची माती एकदा चाचपतो.
भाऊ एकमेकांकडे बघतात.
त्यांना वाटतं, साहेबाचं काहीतरी हरवलंय.