एकोणिसावा भाग

बॅटरी आमच्याच लाडा गाडीची.
मंगळवारी संध्याकाळी बाबा ती काढायचे,
पाच जिने उराशी धरून वर आणायचे,
आणि आई दारातच म्हणायची, "चादरीपासून लांब ठेवा, ॲसिड आहे."
त्या हिवाळ्यात तिबिलिसीत वीज
घाईतल्या पाहुण्यासारखी यायची,
चहासुद्धा न घेता जायची.

टीव्ही लहान, काळापांढरा.
काचेच्या वरच्या कोपऱ्यात तडा होता,
त्यामुळे मालिकेतल्या आभाळात
कायमची एक वीज चमकलेली.

मालिका पाणचक्कीवरच्या तीन भावांची.
पहिल्याच भागात ते दळणाच्या पैशांवरून भांडले,
आणि त्यांच्यापायी आमची सगळी इमारत भांडली.
तळमजल्यावरची त्सियाला थोरल्याच्या बाजूने,
आई धाकट्याच्या, कारण त्याच्या अंगावर कोट नव्हता.
बाबा कुणाच्याच नाहीत. बाबा तारा धरून बसायचे.
चिमटे तुटलेले, म्हणून बोटांनी दाबून,
पन्नास मिनिटं, स्टुलावर, आमच्या पाठीमागे.

मग थोरल्याचं काम करणारा नट खरोखरच गेला.
न्यूमोनिया. पेपरात चार ओळी.
लेखकांनी त्याला बातुमीला धाडलं, बंदरावर कामाला.
दोन भाग त्याची पत्रं आली.
तिसऱ्या भागात पत्र आलं, पण कुणी उघडलं नाही.

एकोणिसाव्या भागात
उरलेले दोघे टेबलापाशी बसले.
पेले तीन भरले.
मधला म्हणाला, "म्हणूया?"
धाकटा म्हणाला, "कसं म्हणणार?"
आणि म्हणू लागले.

मी सगळ्यांना सांगते, इतकी वर्षं सांगत आले:
त्या गाण्यात वरचा आवाज होता, पतंगाच्या दोऱ्यासारखा ताणलेला,
मधला होता, शब्द सांभाळून नेणारा,
आणि खाली, सगळ्यांच्या खाली,
जात्याच्या तळीसारखा न हलणारा
एक खर्ज.

गेल्या महिन्यात टीव्ही केंद्राच्या तळघरात
मेराब नावाच्या माणसाने मला ती टेप लावून दिली.
चाळीस लारी, पावती नाही.
हेडफोनला कुणाच्या तरी केसांचा वास.
तीन पेले. म्हणूया. कसं म्हणणार.
वरचा. मधला.
खाली काहीच नाही.

मागे घेतली. पुन्हा ऐकली.
खाली खुर्ची करकरते, कुणीतरी एक घोट गिळतं,
आणि दोघे गातात ते जागा सोडून,
पंगतीला न आलेल्याचं पान
तसंच मांडून ठेवावं, तसे.
"टेप खराब आहे का?"
मेराबने माझ्याकडे नीट पाहिलं.
"बाई, दोघेच तर आहेत."

मग ते आलं. कानातून नाही, मानेमागून.
बॅटरी उतरत चाललेली,
चित्र चारी बाजूंनी आकसून काडेपेटीएवढं,
दोघे भाऊ त्यात मावेनासे झालेले,
आईच्या हातातला अक्रोड अर्धा फुटलेला.
आणि माझ्या पाठीशी, स्टुलावर,
दोन्ही हातांत तारा धरलेला माणूस,
सुखुमीहून काकांची नुसती टोपी आली
त्या दिवसापासून ज्याने
न्हाणीघरातसुद्धा सूर लावला नव्हता.

मी वळून पाहिलं नव्हतं.
वळले असते तर मालिका चुकली असती.

चित्र विझलं. गाणं अजून थोडं उरलं होतं.
खर्ज तेवढा अंधारात पुढे चालत राहिला,
वरून कुणी येऊन मिळेल अशा बेताने, सावकाश.
मग आईने काडी ओढली.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली नाही.
शेजारच्या तिघांनी उतारापर्यंत ढकलली,
बाबा स्टिअरिंगवर, शिव्या देत,
आवाज बसलेला.