शंभर म्हणजे कशाचे

किटवेच्या बाजारात, टायरवाल्याच्या मागे माझं टेबल.
दीड मीटर लांब. वर एक बल्ब,
तोही दिवसाकाठी तीन तासांचा पाहुणा.
धरण आटलंय म्हणतात, दूर दक्षिणेला.
मी ते धरण कधी पाहिलं नाही,
पण त्याची पातळी मला रोज कळते,
डागणीच्या थंड टोकावरून.

कासोंदे मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या
चितेंगेच्या कापडात, पाठीला बांधून,
वाटेत लोक बाळाचं नाव विचारत होते म्हणे.
झाकणावर अजून परदेशातल्या ग्रंथालयाचं स्टिकर,
अर्धं नखाने खरवडलेलं.

"अडीच तास द्या. जास्त मागत नाही.
दोनशे बारा मुलांचे गुण भरायचेत.
वीज येते रात्री एकला,
आणि रात्री एकला मी छप्पन्न वर्षांची असते."

आता किती चालतो?

"अडतीस टक्के दाखवतो. मी कणीक हलवायला उठते,
म्हणजे आमची शिमा, मक्याची.
परत येते तो काळा आरसा,
त्यात माझंच तोंड."

उजेड कमी करून पाहिला होता त्यांनी. वायफाय बंद.
अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा बोटांच्या आठवणीवर
टाइप केलं. एका मुलाला एकाहत्तरचे सतरा झाले.
तो बापाला घेऊन आला.

मी पॅक उघडला. प्लास्टिक कडेने, अलगद,
सहा सेल, जोडीजोडीने बांधलेले.
दोन जोड्या ठीक. तिसरी तोळामासा,
आणि तिच्यापायी सगळ्यांचं घर बसलेलं:
एक जोडी थकली की बाकीच्यांनी कितीही ओढावं,
पंखा थांबतो. मी कुणाला नावं ठेवत नाही.
माझ्या डब्यात मेलेल्यांवर काळा मार्कर,
जिवंतांवर आकडा.

दोन जिवंत निवडले.
आता खरं काम: जुने काढताना
छोट्या हिरव्या बोर्डाला कळू द्यायचं नाही.
क्षणभर जरी उपाशी राहिला
तर तो कायमचा दार लावून घेतो,
मग आतून कितीही हाक मारा.
म्हणून बाहेरून तार लावून त्याला भरवत राहायचं,
आणि तेवढ्यात
खालची जमीन बदलायची.

जमलं. पण बोर्ड तो बोर्ड.
शंभर टक्के म्हणाला, आणि वेळ दाखवली एकावन्न मिनिटं.
मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या.

मी म्हटलं, तो अजून जुनंच आजारपण मोजतोय.
शंभर म्हणजे जे उरलंय त्याचे शंभर.
नवं बळ आलंय हे त्याला कुणी सांगून पटत नाही,
एकदा पूर्ण संपावं लागतं,
आणि मग न तुटता पूर्ण भरावं लागतं. चार तास. सलग.

चार तास सलग!
टायरवाला हसला. त्यालाही हसू आवरेना
आणि मलाही, आणि मग कुणालाच नाही.

शेवटी दवाखाना. प्रसूतिगृहाची लाइन तोडत नाहीत.
सिस्टर म्फुला नात्याने मॅडमची कुणी नाही,
पण तिचा मुलगा नववीत आहे.
लॅपटॉप टेबलाखाली, हातमोज्यांच्या खोक्यात,
चार्जरचा नारिंगी ठिपका,
वर कुणीतरी ओरडतंय, कुणीतरी म्हणतंय अजून थोडं, अजून थोडं.

मध्यरात्रीच्या सुमारास तो ठिपका हिरवा झाला असावा.
मी नव्हतो तिथे.
मॅडमनी पैसे निम्मे दिले आणि निम्म्याचे टोमॅटो,
आणि त्या मुलाचे एकाहत्तर
परत एकाहत्तर केले, असं त्याच्या बापाने
टायर बदलताना सांगितलं.
किती वेळ चालतो ते विचारायला मी विसरलो.