सहा परसांखाली

वीतभरही नाही. शेपटी तुटकी.
तोंड उघडं,
कुणी हाक मारता मारता नाव विसरावं तसं.
कोरडा असला की दगडच.
ओला केला की मासा.

संकेश्वरच्या पलीकडे, हुक्केरीच्या वाटेला,
दुंडाप्पांच्या माळावर आप्पा विहीर खोदत होते.
आधी मुरूम, मग मांजऱ्या,
मग पहारीला ठिणग्या देणारा काळा फत्तर.
पाचव्या परसाला गेरू लागला, विटेसारखा लाल,
आणि त्याच्याखाली, ध्यानीमनी नसताना,
शाडूसारखा पांढुरका थर,
नखानं ओरखडा उठावा इतका मऊ.
"पाणी जवळ आलं," आप्पा म्हणाले असतील.
विहीरवाले असंच म्हणतात.
पाणी नाही आलं.
आला हा.

आप्पा गोष्ट सांगायचे ती अशी:
त्यांनी छिन्नी लावली, दगड वहीसारखा उघडला,
दोन्ही पानांवर मासा.
एक पान त्यांनी घेतलं,
दुसरं अडिवेप्पाला, सुरुंगाचा जोडीदार म्हणून.
मजुरी अर्धीच मिळाली.
कोरड्या विहिरीचे पुरे पैसे कोण देतं?
हे सांगताना हसायचे,
उजव्या हाताची उरलेली तीन बोटं
पोहल्यासारखी हलवत.

शाळेत असताना त्यावर कागद ठेवून मी पेन्सिल घासली.
मासा वहीत आला. खाली कन्नडमध्ये लिहिलं, मीनु.
जंबगी बाईंनी लाल गोल केला:
दीर्घाची शेपटी राहिलीय.
माशाचीपण राहिलीय, मी म्हणाले,
आणि तास संपेपर्यंत बाकावर उभी राहिले.

आई त्याला दर शनिवारी तांब्यानं धुवायची.
हळद नाही, कुंकू नाही. नुसतं पाणी.
"द्येव हाय व्हय त्यो?" आप्पा चिडवायचे.
"तहानला असंल."
एवढंच.

एकदा धारवाडहून कॉलेजचे सर आले.
भिंग लावून बराच वेळ पाहिलं.
म्हणाले, इथं तळं होतं,
लाव्हाच्या दोन पुरांच्या मधलं, कोट्यवधी वर्षांमागचं.
आमच्याकडे द्या, शोधणाऱ्याचं नाव लावू.
"कुणाचं?" आईनं विचारलं.
सरांनी आप्पांकडे पाहिलं.
आईनं चहाचे कप उचलले.
मासा दिला नाही.

आप्पा गेले. चार वर्षांनी आई.
गेल्या पौषात टॉवेलात मासा गुंडाळून
मी घटप्रभेची बस धरली.

अडिवेप्पाकाकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यांचं पान लोणच्याच्या बरणीवर,
वजन म्हणून, इतकी वर्षं.
जुळवून पाहिलं. जुळेना.
मिठानं कल्ले खाल्लेले, कडा खाल्लेल्या.
माझ्या मांडीवर हाडं, त्यांच्या मांडीवर
हाडांची जागा, तीही पुसट.

काकांनी दोन्हींवरून अंगठा फिरवला.
"निम्मव्वा," म्हणाले. मग माझ्यासाठी मराठीत:
"तुज्या आईनं बघिटलं की पैला.
आमी बुट्टीत घालून वर दिलतो, खडी म्हणून.
ती वर उभी होती, रहाटापाशी. सातवा म्हयना.
बुट्टी उपडी केली, ह्यो फुटला,
आणि ती खाली बसलीच.
हाक मारतोय, मारतोय. बुट्टी खाली येईना."

सातवा महिना.
मी बोटांवर वर्षं मोजली.
मीच.

"मग आप्पा तसं का सांगायचे?"
काकांनी चाचपडत बरणीचं झाकण लावलं.
दगड जागेवर ठेवला.
"लोणचं ने थोडं," म्हणाले.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून
बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं.
खवले वर आले, तपकिरी, एकेक.
साडी भिजली. शेजारची बाई सरकून बसली,
कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली.
हुक्केरी येईपर्यंत तो वाळला होता.
बाटलीत घोटभर उरलं होतं.
मला तहान लागली होती.
तरी ओतलं.